वैतरणा: पैसे दिले त्या दिवसापासूनची जोखीम

८ नोव्हेंबर १८८८. दिवाळी नुकतीच सरली होती. लाभपंचमीचा दिवस, म्हणजे कच्छी-गुजराती पेढ्यांवर नव्या वह्या उघडण्याचा मुहूर्त. त्याच दिवशी कच्छच्या मांडवी बंदरातून एक आगबोट मुंबईकडे निघाली. स्कॉटलंडमधल्या ग्रँजमाउथ इथे १८८५ साली बांधलेल्या या बोटीचे नाव होते ‘वैतरणा’. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून किनाऱ्यावरचे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि याच नावाने ती गुजराती लोकगीतांत आजही जिवंत आहे. मांडवी ते मुंबई तीसेक तासांचा प्रवास आणि आठ रुपये भाडे. द्वारकेला तिने आणखी उतारू घेतले, पोरबंदरला हवा बिघडलेली पाहून न थांबता ती पुढे गेली, आणि त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती, असे सांगतात. शोधासाठी आगबोटी धाडल्या गेल्या, पण हाती काही लागले नाही. पुढच्या चौकशीत, एवढ्या वादळाला तोंड देण्याइतकी सुरक्षेची साधने बोटीवर नव्हती, असा निष्कर्ष निघाला. ज्या नदीचे नाव ही बोट मिरवत होती ती त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगवते आणि आपल्या पालघर जिल्ह्यातून वाहत अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. आज याच नदीच्या खोऱ्यातली कुटुंबे पुढच्या दिवाळीच्या क्रूझसाठी यंदाच्या दिवाळीत पैसे भरत असताना वैतरणेची आठवण काढण्याचे कारण भीती घालणे हे नाही. समुद्रप्रवासातल्या माणसाचा विमा नेमका कधी उतरवायचा, हा प्रश्न तिच्यामुळे स्पष्टपणे विचारता येतो.

मालाच्या बाबतीत या किनाऱ्याला त्याचे उत्तर फार पूर्वी मिळाले होते. गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा व्यवहार चाले. माल गलबतावर चढला की पाठवणारा व्यापारी त्या मालाच्या किमतीची हुंडी लिहून सावकाराला विके आणि पैसे घेऊन मोकळा होई. माल सुखरूप पोचला तरच पलीकडचा व्यापारी ती हुंडी चुकती करी. गलबत बुडाले तर सावकाराचे पैसे गेले. म्हणजे हुंडी विकत घेणाराच विमाकर्ता, आणि त्याची कसर त्या जोखमीच्या मानाने ठरलेली. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. वादळाची चिन्हे दिसू लागल्यावर ही हुंडी कोणी घेतली नसती. माल ताब्यातून सुटला, त्याच वेळी जोखीमही दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे: प्रवासाची जोखीम जहाज सुटते तेव्हा सुरू होत नाही, पैसे हातातून सुटतात तेव्हा होते, आणि विमाही त्याच दिवशी घ्यायला हवा.

घरगुती हिशेबात हे कसे दिसते ते पाहू. समजा, बोईसरचे चौघांचे कुटुंब पुढच्या नोव्हेंबरातली परदेशातली क्रूझ आज ठरवते. एकूण खर्च सहा लाख, आज पाव रक्कम, उरलेली टप्प्याटप्प्याने. अशा बुकिंगमध्ये रद्द केल्याचा दंड सहसा वाढत जातो. सुरुवातीला ठेव जाते, मग निम्मी रक्कम, आणि शेवटच्या काही आठवड्यांत काहीच परत मिळत नाही. विमानाची तिकिटे वेगळी, व्हिसाचे शुल्क वेगळे. बारा महिने हा पैसा दुसऱ्याकडे अडकलेला असतो आणि तेवढ्या काळात घरातल्या कोणाला काहीही होऊ शकते. आजोबांना झटका येतो, सुनेचा पाय मोडतो, मुलाच्या छातीचा एक्स-रे डॉक्टरांना आवडत नाही. प्रत्यक्ष प्रवास जेमतेम आठ-दहा दिवसांचा. मग बारा महिन्यांची जोखीम उघडी ठेवून दहा दिवसांचाच विमा काढायचा, तोही निघण्याच्या आदल्या आठवड्यात, ही पद्धत कुठल्या हिशेबात बसते?

इथे पॉलिसीची रचना समजून घ्यावी लागते. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत साधारणतः दोन घड्याळे चालतात. औषधोपचाराचे संरक्षण भारत सोडल्यावर सुरू होते. प्रवास रद्द करावा लागल्याचे संरक्षण मात्र, पॉलिसीत ते असेल तर, पॉलिसी निघाली त्या दिवसापासून प्रस्थानापर्यंत चालते. पॉलिसी आदल्या आठवड्यात काढणाऱ्याने या दुसऱ्या घड्याळाचे पूर्ण पैसे भरलेले असतात आणि वापरायला उरलेले असतात सहा-सात दिवस. आणि विमा माहीत नसलेल्या गोष्टीचाच असतो. जानेवारीत पॉलिसी काढली आणि मार्चमध्ये हृदयविकार निघाला, तर तो अनपेक्षित आजार ठरतो. मार्चमध्ये निदान होऊन ऑक्टोबरात पॉलिसी काढली, तर तोच आजार ‘आधीपासूनचा’ ठरतो. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार या सदरात मोडतो. माणूस तोच, आजार तोच; फरक फक्त तारखेचा. (आरोग्यात असा बदल झाला तर कंपनीला लेखी कळवावे, लपवाछपवी पुढे उपचाराच्या दाव्यात अंगाशी येते.) वादळाचेही असेच आहे. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळाला नाव मिळाले १४ तारखेला आणि ते मुंबईपुढून गेले १७ला. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ नाव मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नाव जाहीर झाले की ती ज्ञात घटना होते, आणि त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळापुरता कोरडा राहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा: इतक्या आधी पैसे का अडकवायचे? पण एका प्रवासाच्या पॉलिसीचा हप्ता साधारणपणे प्रवासाचे दिवस, वय, देश आणि विम्याची रक्कम यांवर ठरतो. मधल्या वाट पाहण्याच्या महिन्यांचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपन्या एवढ्या आधी पॉलिसी देतात का? सगळ्या देत नाहीत. काहींची मुदत काही महिन्यांचीच असते. तेव्हा कंपनी ज्या दिवसापासून पॉलिसी देईल ती तारीख बुकिंगच्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावी, आणि तोवर परत मिळणारी किंवा कमीत कमी ठेव असलेली बुकिंगची अट निवडावी. जोखीम विकता येत नसेल तेव्हा ती लहान तरी ठेवता येते. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. रद्दीकरणाची विमा रक्कम तुमच्या परत न मिळणाऱ्या एकूण पैशांइतकी असायला हवी. पुष्कळ पॉलिसींत ती उपचाराच्या रकमेच्या मानाने अगदी लहान असते, आणि मोठ्या अक्षरांत छापलेला डॉलरचा आकडा पाहून माणूस निश्चिंत होतो.

‘आमचा मेडिक्लेम आहे’ हे उत्तरही नेहमीचे. भारतातला सर्वसाधारण मेडिक्लेम परदेशात चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप अशा देशातल्या क्रूझवरही तो अपुरा पडू शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. मेडिक्लेमच्या व्याख्येत रुग्णालय म्हणजे दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा आणि इतरत्र किमान पंधरा खाटांचे. जहाजावरचा दवाखाना त्यात बसणे अवघड. तिथले बिल खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी चुकते करावे लागते. आजार गंभीर असेल तर रुग्णाला बंदरावर, प्रसंगी हेलिकॉप्टरने, हलवावे लागते. क्रूझच्या विम्यात या हलवण्याच्या खर्चाचे कलम सर्वांत आधी वाचावे, सामान हरवल्याचे सर्वांत शेवटी.

पालघरकरांसाठी आणखी एक कलम कळीचे आहे: जहाज चुकणे. विरारच्या उत्तरेला रेल्वे वैतरणेवरच्या पुलांवरून जाते. आपल्याकडून मुंबईच्या धक्क्यावर किंवा विमानतळावर पोचण्याचा भरवशाचा मार्ग तोच. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडी घसरली आणि दुसऱ्या दिवशीही डहाणूच्या लोकल व लांबच्या गाड्या कोलमडलेल्या होत्या. रेल्वेसाठी विमान थांबत नाही, जहाज तर नाहीच. प्रस्थान चुकल्याची भरपाई बहुधा सार्वजनिक वाहनाच्या बिघाडापुरती असते आणि त्याचा लेखी दाखला मागितला जातो. महामार्गावरच्या कोंडीत स्वतःची गाडी अडकली, तर ही भरपाई मिळेल असे धरू नये. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करणे हा यावरचा साधा उपाय आहे, आणि तो कुठल्याही पॉलिसीपेक्षा खात्रीचा.

जहाज कंपनीचीच संरक्षण योजना घ्यावी का? तिथे थोडे थांबून विचार करावा. २०१९ साली मुंबईहून सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२०मध्ये बंद पडली, आणि तिचे ‘कर्णिका’ जहाज न्यायालयाच्या आदेशाने विकले जाऊन अलंगला तोडायला गेले. ज्याच्याकडे पैसे अडकले आहेत त्याच्याचकडे त्या पैशांची हमी ठेवली, तर त्याच्याबरोबर हमीही बुडण्याची शक्यता राहते. जोखमी हुंडी घेणारा सावकार गलबताचा मालक नसे, हे शहाणपणाचे होते. अर्थात कंपनी दिवाळखोर होणे हे कलम सगळ्या स्वतंत्र पॉलिसींतही नसते. ते नावाने विचारून घ्यावे. साथीचे कलमही तसेच. २०२२च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर तपासणीत ६६ जण कोरोनाबाधित निघाले आणि जहाजाला मुंबईला परतावे लागले. अर्धवट राहिलेला प्रवास हा रद्द झालेल्या प्रवासापेक्षा पॉलिसीत वेगळा धरलेला असतो.

सर्वांत कडवट आक्षेप असा, की शेवटी कंपन्या दावा नाकारतातच. नाकारतात, आणि कधी अन्यायाने नाकारतात. पण पुष्कळ दावे अटींत न बसणाऱ्या कारणांमुळेही पडतात. मन बदलले, रजा मिळाली नाही, बरोबरचे मित्र येईनासे झाले, ही कारणे साध्या पॉलिसीत नसतात, आणि तशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. डॉक्टरने प्रवासाला मनाई केल्याचा तारखेसह लेखी सल्ला, दंडाची पावती, प्रत्येक हप्त्याची नोंद एका फाइलीत असेल तर नकाराला उत्तर देता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या परंपरेत वैतरणी ही मृत्यूनंतर पार करायची नदी, आणि तिच्यासाठीचे गोदान माणूस शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने करायचे असते. आमच्या नदीच्या नावात ही जुनी समजूत गुंतलेली आहे, म्हणून विमा घेणे अशुभ असे मानणाऱ्या घरांना तिची आठवण द्यावीशी वाटते.

पॉलिसीतले एक कलम मात्र कोणी वाचत नाही: बेपत्ता होण्याचे. जहाज बुडाले आणि प्रवासी सापडला नाही, तर ठरावीक काळानंतर, बहुधा एका वर्षानंतर, तो मृत मानून नामनिर्देशित वारसाला अपघाताची रक्कम देण्याची तरतूद त्यात असते. १८८८ साली मुंबईच्या न्यायालयात १८७२चा पुराव्याचा कायदा चाले. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार, तसे म्हणणाऱ्यावर जाई; आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम आहे. परिस्थितीवरून न्यायालय आधीही निष्कर्ष काढू शके, पण त्यासाठी दारात उभे राहायला पैसा लागे. आठ रुपयांच्या तिकिटावर वैतरणेत चढलेल्या कित्येकांच्या घरी तो नसणार. त्यांच्या बायकामुलांसाठी कायद्याची ती सात वर्षे १८९५च्या नोव्हेंबरात पुरी झाली.