ओ-टू पुरे!

गेल्या पावसाळ्यात जुन्या लॅपटॉपवर जेंटू लिनक्स बसवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "अजून शिजतंय का रे?" शिजतच होतं. बाकीची लिनक्स वाढलेल्या ताटासारखी येतात. जेंटूत सोर्स कोड आणायचा आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा. त्यात नाव पाण्याखाली सगळ्यांत वेगानं पोहणाऱ्या पेंग्विनचं, म्हणून माझ्या डोक्यात वेगाचं भूत.

कंपायलर माणसानं लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. त्यासाठी त्यानं किती डोकं चालवायचं, हे 'मेक डॉट कॉन्फ' या फाइलीतल्या एका ओळीत सांगायचं. जीसीसी हा कंपायलर ओ-झीरो या पातळीवर जवळपास जसंच्या तसं उतरवतो. ओ-टूवर निरुपयोगी कामं गाळतो, सूचनांचा क्रम सोयीनं लावतो. ओ-थ्रीवर फंक्शनांच्या नकला सढळ हातानं जागोजागी चिकटवतो. त्यानं कोड फुगतो, आणि प्रोसेसरच्या चिमुकल्या कॅशमध्ये मावला नाही की कमावलेला वेग तिथंच जातो.

मी हावरटासारखं थेट ओ-फास्ट लिहिलं. त्यात बेरजेचा क्रम बदलायचीही कंपायलरला मुभा असते. शाळेत क्रमानं काही बिघडत नाही. संगणकात ०.१ आणि ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ घातले, तर सोळाव्या दशांशस्थळी एक आगाऊ १ उगवतो, ०.२ आणि ०.३ आधी मिळवले, तर नेमके ०.६. एका गणिती लायब्ररीच्या चाचण्या धडाधड नापास झाल्या, तेव्हा हे कळलं.

दुसरी फजिती 'मार्च नेटिव्ह'ची. इथं मार्च म्हणजे महिना नव्हे, मशीन आर्किटेक्चर. या सूचनेनं कोड आपल्याच प्रोसेसरच्या मापानं बेततात. माझी डिस्क भावाच्या संगणकाला लावली, तर पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. माझ्या कोडात प्रोसेसरच्या एव्हीएक्स-टू सूचना होत्या, त्या इंटेलनं २०१३च्या हॅसवेल पिढीत आणल्या. भावाचं यंत्र त्याआधीचं. भाऊ पोट धरून हसला.

एवढं करून एडिटर तसूभरही चपळ झाला नव्हता. होणार कसा? तो बहुतेक वेळ माझ्या बोटांचीच वाट बघत बसलेला असतो.

आता ओळीत ओ-टू आणि मार्च नेटिव्ह, इतकंच. डिस्क फिरवायची असेल तर मार्चही सर्वसाधारण ठेवा. डिसेंबर २०२३पासून जेंटू तयार पॅकेजंही पुरवतं. लिबरऑफिस मी तिथूनच घेतो.