तीर्थनकाठी घर घेताय? आधी कलम ११८ वाचा!

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात देवदारांच्या सावलीत, नदीला लागून एकटंच लाकडी घर 'विकणे आहे' असं दिसलं की माझ्यासारख्या गळवेड्याचा जीव वरखाली होतो. पाणी बर्फाचं, नितळ. त्यात ब्राउन ट्राउट! त्याच्या अंगावरच्या लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं असतं. ओल्या हातात धरला की ते लखलखतं. इंग्रजांनी आणलेला हा मासा इथे चांगलाच रुळलाय.

पण इसार देण्याआधी हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ वाचाच. तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आपला सातबारा तिथे चालत नाही. घर अगदी काठावर असलं तरी गळ टाकायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, विणीच्या काळात, ट्राउटला पूर्ण बंदी. आणि ती हवीच.