चार अब्ज रूपांचा व्हायरस

बल्गेरियातल्या ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ या टोपणनावाच्या व्हायरसलेखकाने १९९१च्या सुमारास जाहीर केलं की, आपण चार अब्ज रूपं घेणारा व्हायरस लिहितोय. १९९२ साली त्याचं ‘म्युटेशन इंजिन’ हातोहात पसरलं. ते स्वतः व्हायरस नव्हतं. कुणीही आपल्या व्हायरसला जोडावा असा तयार तुकडा होता. जोडला की प्रत्येक नव्या फाइलीत व्हायरस नव्या बाइटांत उतरे.

चार अब्ज ही बढाई वाटते, पण व्हायरस कूटबद्ध करून झाकायला ३२ बिटांची एक किल्ली घेतली तरी ४,२९,४९,६७,२९६ किल्ल्या होतात. अँटिव्हायरस तेव्हा प्रत्येक व्हायरसमधली ठरावीक बाइटांची ओळ, म्हणजे सिग्नेचर, फाइलींत शोधत असे. प्रत्येक रूपासाठी १६ बाइटांची सिग्नेचर ठेवायची म्हटलं तर यादी होते ६९ जीबींची. ४० एमबीच्या हार्डडिस्कच्या त्या काळात नुसत्या यादीलाच १,७००हून जास्त डिस्क लागल्या असत्या. सेकंदाला एक नमुना तपासला तर १३६ वर्षं. ९९ टक्के रूपं पकडली तरी ४ कोटी २९ लाख निसटतात, आणि पुन्हा पसरायला त्यातलं एक पुरतं.

बरं, व्हायरसला उलगडणारा छोटा कोड तरी उघडा असतोच ना? असतो, पण इंजिन तोही दरवेळी नव्याने लिहितं. प्रोसेसरमधलं एखादं रजिस्टर शून्य करायचंय: त्यात थेट शून्य भरा, त्यातून तेच वजा करा किंवा त्याचं त्याच्याशीच एक्सॉर (सारखे बिट शून्य, वेगळे बिट एक) करा. फळ एक, बाइट वेगळे. अशा दहा जागा असल्या की ५९,०४९ रूपं झाली, आणि मध्ये निरुपयोगी सूचना पेरल्या की मोजदादच संपते. ३० बाइटांच्या जागेत शक्य असलेल्या रचनांची संख्या ७३ आकडी आहे.

मला थक्क करतं ते यापुढचं. एकाच किल्लीशी एक्सॉर करून झाकलेले चार-चार बाइटांचे दोन शेजारी गट एकमेकांशी एक्सॉर करा. किल्ली उडून जाते. उरतो मूळ गटांमधला फरक, आणि तो सगळ्या ४२९ कोटी रूपांत तोच! अवघा डोंगर एका क्रियेत सपाट. मग इंजिनं पावलोपावली किल्ली बदलू लागली, तेव्हा अँटिव्हायरसवाल्यांनी एम्युलेटर पुढे केला. व्हायरसला चालायचं तर उलगडावंच लागतं; म्हणून मेमरीत खोटा प्रोसेसर उभारायचा, फाइल त्यावर चालवायची आणि उघडं पडलेलं अंग वाचायचं. उलगडण्याचे प्रकार किती, हा प्रश्नच उरत नाही.

यावरही तोड निघाली: उघडं पडणारं अंगच दरवेळी बदलायचं. २००० साली सापडलेला ‘घोस्ट’ आपल्या दहा उपप्रोग्रॅमांचा क्रमच बदलायचा: ३६,२८,८०० मांडण्या. २००२च्या ‘सिमिली’त असेंब्लीच्या सुमारे १४,००० ओळी होत्या, त्यातल्या जवळपास ९० टक्के फक्त रूप बदलण्यासाठी.

एम्युलेटरची खरी अडचण वेळेची आहे. डिस्कवर एक लाख फाइली असतील आणि प्रत्येकीला एक सेकंद दिला, तर जवळजवळ २८ तास जातात. त्यामुळे किती सूचना चालवून पाहायच्या याला मर्यादा घालावीच लागते. हे ओळखून व्हायरसलेखक उलगडण्याआधी लाखो रिकाम्या सूचना फिरवत बसतात. आता तर इंजिन हल्लेखोराच्या सर्व्हरवरच राहतं आणि डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाला वेगळी फाइल मिळते. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक आणि नकोसे प्रोग्रॅम नोंदवते, सेकंदाला पाचहून अधिक. इंजिन मात्र प्रयोगशाळेच्या हाती लागत नाही. त्याने घडवलेल्या फाइलींवरूनच त्याचा अंदाज बांधावा लागतो.