गॅस थांबला म्हणजे धोका टळला?

फौजेत असताना हिमालयात नद्यांच्या काठी तंबू ठोकून राहिलोय. तिथला एक धडा पक्का होता. भर पावसाळ्यात नदीचं पाणी अचानक उतरलं, तर खूश व्हायचं नाही. जवानांना आधी उंचावर हलवायचं. वर कुठेतरी दरड कोसळून पाणी अडलेलं असू शकतं, आणि तो बांध फुटला की पळायलाही वेळ मिळत नाही. आजचा विषय ज्वालामुखीचा आहे, पण धडा तोच.

फिलिपिन्समधला पिनातुबो सुमारे ५०० वर्षं गप्प होता. एप्रिल १९९१ मध्ये तिथे वाफेचे स्फोट झाले. आसपास गावं होती, अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ होता. शास्त्रज्ञ डोंगरातून निघणारा सल्फर डायऑक्साइड मोजू लागले. १३ मे रोजी दिवसाला सुमारे ५०० टन. २८ मे रोजी ५,००० टनांहून जास्त. आणि ५ जूनला? ३०० टनांच्याही खाली! तुम्ही तिथे कमांडर असता तर काय म्हणाला असता? ‘चला, डोंगर शांत झाला’?

थांबा. आधी आत काय चालतं ते पाहू.

गोटी सोडा तुम्ही प्यायला असेलच. बाटली बंद असते तेव्हा गॅस पाण्यात विरघळलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि फसफस सुरू होते. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारसातही पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू असेच दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर सरकला की दाब कमी होतो, बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि त्याला हलकं करून आणखी वर रेटतात.

पुढचं बरंचसं ठरतं ते शिलारस किती दाट आहे यावर. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे निमूट वर येऊन फुटतात. पिठलं रटरटतं तेव्हा बुडबुडा अडकतो, फुगतो आणि फुटला की हातावर चटका बसतो. आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटाचा बेसाल्टी शिलारस त्या मानाने पातळ. गॅसला सुटायला वाट मिळते. पिनातुबोच्या शिलारसात सिलिका जास्त, म्हणून तो दाट. गॅस सुटला नाही तर अशा शिलारसाचा फेस होतो आणि शेवटी त्या फेसाच्याच चिंधड्या उडतात. ज्वालामुखीची राख ही काही जळून उरलेली राख नसते. तिच्यात बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंतींचे काचेसारखे तुकडे असतात.

आता ५ जूनकडे परत येऊ. गॅस कमी झाला की स्फोट होतोच असं नाही. आतला शिलारस थंडावत असेल तरीही तो कमी होतो. म्हणून शास्त्रज्ञांनी एकाच आकड्यावर भरवसा ठेवला नाही. त्याच दिवसांत भूकंपांचं केंद्र सरकून शिखराखाली आलं होतं आणि डोंगराचा उतार फुगू लागला होता. म्हणजे शिलारस वर येतोय, पण गॅसची वाट बुजली आहे. बाटलीची गोटी घट्ट बसली होती!

१० जूनला क्लार्क तळावरून सुमारे १४,५०० लोक हलवले. गावंही टप्प्याटप्प्याने रिकामी झाली. १५ जूनला डोंगर फुटला. राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला. त्याच दिवशी वादळ आलं, भिजलेल्या राखेच्या वजनाने छपरं कोसळली आणि शेकडो माणसं गेली. पण स्थलांतरामुळे किमान ५,००० जीव वाचले, असा अंदाज आहे.

मंडळी, सगळं शांत दिसत असताना ‘जागा सोडा’ असा हुकूम देणं फार कठीण. काही झालं नाही तर लोक हसतात. पिनातुबोला तो हुकूम पाच दिवस आधी निघाला. म्हणून पुन्हा सांगतो, धूर कमी झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आटला की अडला, हे आधी विचारा.