कोंबडीचा हिरवा घास (लेखांक ५) : बलकाला रंग देणारा झेंडू

मका महागला की खाद्यात ज्वारी, बाजरी नाहीतर तांदळाची कणी वाढते. कोंबड्यांचं पोट भरतं, अंडीही मिळतात. पण पंधरवड्यात गिऱ्हाईक विचारू लागतं, बलक एवढा पांढरट का?

बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. ती जे खाते त्यातूनच तो यावा लागतो. ल्युटीन आणि झियाझँथिन ही त्यातली मुख्य रंगद्रव्यं. पिवळ्या मक्यात ती असतात, कणीत जवळजवळ नसतात. लसूणघासात मक्यापेक्षा बरीच जास्त आणि झेंडूच्या पाकळ्यांत कितीतरी पट. म्हणून मोठे खाद्यउत्पादकही झेंडूचा अर्क वापरतात.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या पिवळ्या पायांच्या जातींत हा रंग चोचीत आणि पायांतही साठलेला असतो. कोंबडी अंड्यावर आली की खाद्यातला रंग बलकाकडे वळतो आणि अंगावरचा हळूहळू उतरतो. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी होते, मग डोळ्याची कडा, कानाची पाळी, चोच आणि सगळ्यांत शेवटी पाय. पाय पांढुरके दिसले म्हणून कोंबडी आजारी समजून विकणारे अजूनही आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण धडधाकट असूनही पाय फिके पडलेली कोंबडी ही बहुधा कळपातली सर्वांत कसदार अंडीवाली असते.

झेंडू वापरायचा तर गडद नारिंगी घ्या, त्यात रंग जास्त. पाकळ्या सावलीत वाळवा. उन्हात रंगद्रव्य नासतं. पूड करून बंद डब्यात अंधारात ठेवा. १०० किलो खाद्याला अर्ध्या किलोपासून सुरुवात करावी. बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत भराभर वाढतो, तेव्हा फरक दिसायला तेवढा धीर हवा. दसरा-दिवाळीनंतर बाजारात उरलेली फुलं स्वस्त मिळतात खरी, पण त्यांच्यावर कीटकनाशकांचे फवारे किती बसले आहेत ते कळत नाही. परसातली बिनफवारणीची फुलंच बरी.

एक मात्र स्पष्ट सांगतो. झेंडूने प्रथिनं वाढत नाहीत, कवच जाड होत नाही. त्यासाठी पेंड आणि शिंपल्यांचा चुरा लागतोच. आणि बलक गडद केला म्हणून पिंजऱ्यातलं अंडं गावरान होत नाही. त्या नावाने ते विकणं ही फसवणूक आहे.

खाद्य तेच असताना बलक अचानक फिका पडला, तर झेंडू वाढवू नका. जंत, रक्ती हगवण किंवा बुरशी लागलेला मका यांमुळे आतड्यातून रंग शोषला जात नाही. अशा वेळी विष्ठेचा नमुना घेऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.