डेलने दुकानं टाळली, मग दुकानातच का आला?

वस्तू दुकानात मांडून विकायची, की कंपनीने थेट गिऱ्हाइकाच्या घरी धाडायची? फोन ऑनलाइन मागवणाऱ्या आपल्या पिढीला हा प्रश्न नवा वाटतो. पण अमेरिकेतल्या कॉम्प्युटर कंपन्यांची यावरून वीसेक वर्षं जुंपली होती, आणि मार दोन्ही बाजूंनी खाल्लाय.

सुरुवात १९८४ ची. ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठात शिकणारा १९ वर्षांचा मायकल डेल होस्टेलच्या खोलीतून कॉम्प्युटर विकायला लागला. भांडवल १,००० डॉलर. तेव्हा आयबीएम, कॉम्पॅकचा माल डीलरकडे जायचा आणि डीलर त्यावर आपलं मार्जिन लावायचा. डेलने मासिकांत जाहिराती दिल्या, फोनवर ऑर्डर घेतल्या, हवं तसं मशीन जोडून घरपोच पाठवलं. मधला माणूस गेला, भाव उतरला.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण खरी गंमत मार्जिनमध्ये नाही, शिळेपणात आहे. कॉम्प्युटर म्हणजे भाजी आहे हो! प्रोसेसर, मेमरी यांचे भाव सतत उतरत असतात. डीलरच्या गोदामात दोन महिने पडलेल्या खोक्यात दोन महिन्यांपूर्वीच्या महागड्या भावाचे पार्ट असतात. मध्येच किंमत कमी केली, तर तो फरक बहुतेक वेळा कंपनीलाच डीलरला भरून द्यावा लागायचा. डेलकडे मात्र ऑर्डर आल्याशिवाय मशीन जोडलंच जात नव्हतं. २००० च्या आसपास त्यांच्याकडे आठवड्याभराचासुद्धा साठा नसायचा. शिवाय गिऱ्हाइकाच्या कार्डाचे पैसे लगेच जमा, आणि पार्ट पुरवणाऱ्याचं बिल नंतर सावकाश. म्हणजे धंदा फिरतोय दुसऱ्यांच्या पैशावर. आपला किराणावाला उधारी देतो, यांनी ती उलटी फिरवली.

कॉम्पॅकला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण थेट विकायला गेलं की डीलर रुसणार, आणि विक्री तर त्यांच्याच हातात! डेलनेही मध्ये दुकानांत माल ठेवून बघितला आणि १९९४ मध्ये अंग काढून घेतलं. १९९६ मध्ये वेबसाइटवर विक्री सुरू केली, आणि २००१ मध्ये जगात पहिला नंबर.

आता गेटवे. ही कंपनीही थेट विकणारी, गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांसारख्या खोक्यांसाठी प्रसिद्ध. यांनी स्वतःची दुकानं काढली, पण तिथे विकायला माल नाही! बघा, ऑर्डर द्या आणि घरी जाऊन वाट बघा. भाडं दुकानाचं, पगार दुकानाचे, आणि ‘आत्ता घेऊन जा’ हा दुकानाचा मोठा फायदाच गायब. एप्रिल २००४ मध्ये उरलेली १८८ दुकानं एकदम बंद झाली.

ॲपलने मे २००१ मध्ये पहिली दोन दुकानं उघडली, तेव्हा गेटवेकडे बघून बऱ्याच जणांनी माना हलवल्या होत्या. पण ॲपलचं दुखणं वेगळं होतं. मॅक हाताळल्याशिवाय विंडोजवाला तिकडे वळणार कसा? आणि इतरांच्या दुकानात मॅक कोपऱ्यात पडलेला. त्यामुळे इथे दुकानाचं भाडं हा जाहिरातीचाच खर्च होता, आणि मशीन तिथल्या तिथे मिळायचं.

तोवर लॅपटॉप आला. ऑफिससाठी पन्नास डेस्कटॉप घेणारा माणूस कागदावरची यादी वाचून ऑर्डर देतो. स्वतःसाठी लॅपटॉप घेणाऱ्याला तो उचलून बघायचा असतो, कीबोर्ड दाबायचा असतो. २००६ मध्ये एचपी डेलच्या पुढे गेली. २००७ च्या जानेवारीत मायकल डेल पुन्हा सीईओ झाला, आणि जूनमध्ये डेलचे कॉम्प्युटर चक्क वॉलमार्टच्या फळीवर!

आज आपल्याकडे क्रोमात डेलचा लॅपटॉप उघडून बघता येतो. तिथे तासभर कीबोर्ड दाबून, सेल्समनला शंभर प्रश्न विचारून आपण घरी येतो आणि ऑनलाइन ऑर्डर टाकतो. मग त्या दुकानाचं भाडं नक्की कोण भरतं? त्यावर पुढच्या भागात बोलू.