पकडीचा पल्ला

पडद्यावरील दोन योद्ध्यांना दोन खेळाडूंनी समोरासमोर झुंजवावयाचे, या प्रकारच्या व्हिडिओ खेळांना सर्वमान्य रूप प्राप्त झाले ते जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९९१ साली प्रसृत केलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळामुळे. या खेळात प्रहारापासून वाचण्याचा मार्ग सोपा होता. हातातील दांडी प्रतिस्पर्ध्याच्या विरुद्ध दिशेस ओढून धरली की योद्धा बचावाचा पवित्रा घेई. एवढ्यावरच खेळ थांबला असता, तर सावध खेळाडू सामनाभर बचाव करीत बसला असता. ही कोंडी फोडण्यासाठीच पकडीची योजना होती. जवळ जाऊन प्रतिस्पर्ध्याला धरून आपटले असता बचावाचा पवित्रा व्यर्थ ठरतो.

मात्र बचाव भेदणारे हे शस्त्र दुरूनही चालू लागले, तर प्रहारांना अर्थच उरणार नाही. म्हणून पकडीला पल्ल्याची मर्यादा घालण्यात आली. काही खेळांत एका योद्ध्याच्या मध्यरेषेपासून दुसऱ्याच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर मोजले जाते. काहींत फेकणाऱ्यापुढे एक अदृश्य चौकट कल्पून ती प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीस स्पर्श करते किंवा नाही, हे यंत्र तपासते. पहिल्या पद्धतीत शरीराची रुंदीही हिशेबात येते. दोन धिप्पाड योद्धे एकमेकांस भिडून उभे राहिले तरी त्यांच्या मध्यरेषा दूरच राहतात आणि पल्ल्याचा काही भाग तेथेच खर्ची पडतो. उडी मारून हवेत असलेल्या योद्ध्याला जमिनीवरची पकड सहसा लागू पडत नाही.

पल्ल्याचे महत्त्व प्रहार आणि पकड यांच्या संयोगात विशेष दिसून येते. बचावावर घेतलेला प्रत्येक प्रहार बचाव करणाऱ्याला किंचित मागे ढकलतो. हलका ठोसा मारून त्याला क्षणभर जखडून ठेवावे आणि तो मोकळा होताच धरावे, हा डाव त्यामुळेच शक्य होतो. परंतु असे दोन-तीन ठोसे मारले, तर तो पल्ल्याबाहेर सरकतो. म्हणजेच ढकलले जाण्याचे अंतर आणि पकडीचा पल्ला यांतील फरकावर हल्लेखोराला किती संधी मिळणार हे ठरते.

‘स्ट्रीट फायटर २’ मधील झांगीफ हा रशियन मल्ल याचे उत्तम उदाहरण होय. दांडी पूर्ण वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबले असता तो जी पकड घालतो, तिचा पल्ला सामान्य पकडीहून बराच मोठा आहे. याची किंमत म्हणून त्याची चाल मंद आणि देह अवाढव्य ठेवला आहे. उलट, त्याच खेळातील धालसिम हा भारतीय योगी हातपाय दूरवर लांबवून प्रहार करतो. या दोघांची झुंज म्हणजे निव्वळ अंतराचा झगडा असतो. एकाला मधली जागा राखावयाची असते, तर दुसऱ्याला ती ओलांडावयाची असते.

आरंभीच्या या खेळात सामान्य पकड तत्काळ लागत असे. पल्ल्याबाहेर प्रयत्न केल्यास त्याच बटणाने साधा ठोसा बाहेर पडे, त्यामुळे पकड फसल्याची शिक्षा अशी नव्हतीच. बचाव करूनही आपटले गेलेल्या खेळाडूला हा अन्याय वाटे आणि पुष्कळ ठिकाणी पकडीला लबाडी मानले जाई. पुढे नियमांत सुधारणा झाल्या. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ मध्ये वेळेवर प्रतिसाद देऊन आपटण्याची इजा कमी करण्याची सोय आली. ‘स्ट्रीट फायटर ४’ (२००८) मध्ये सामान्य पकड तिसऱ्या चित्रावर, तर ‘स्ट्रीट फायटर ५’ (२०१६) मध्ये पाचव्या चित्रावर लागू होऊ लागली. हुकल्यास हल्लेखोर क्षणभर उघडा पडू लागला.

सेकंदाला साठ चित्रे या हिशेबाने पाच चित्रे म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. साहजिकच, पकड दिसल्यावर तिला उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते. प्रतिस्पर्धी पल्ल्यात शिरत आहे हे आधीच ओळखून उडी मारणे, मागे सरणे किंवा प्रहार करणे, एवढेच खेळाडूच्या हाती राहते. म्हणूनच जाणता खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या हातांइतकेच दोघांमधील मोकळ्या जागेकडेही लक्ष ठेवतो.